जॉबर पटाशेजारी

वडगावात वीज गेली की आधी कान दुखतात.
चोवीस माग एकदम गप्प
आणि आम्ही अजून ओरडूनच बोलतोय,
चहा सांग की रे, चहा!
जसा काही चहावाला येळ्ळूरला बसलाय.

मग तवनाप्पा सुताच्या पेटीवर पट मांडतो.
पांढरा एक उंट हरवलाय कधीचा,
त्याच्या घरात रिकामी कांडी उभी.
काळी तवनाप्पाची, पांढरी विरुपाक्ष ढवळीची,
बाजूला आम्ही सहा-सात जण
ज्यांना सगळं दिसतं.

दिसतंच बाजूनं.
ज्याचं बोट प्याद्यावर आहे त्याला घोडा दिसत नाही,
ज्याच्या बोटात बशी आहे त्याला दिसतो.

भिंतीवर खडूनं लिहिलंय, बघणाऱ्यानं बोलू नये.
खाली तेच कन्नडमध्ये,
म्हणजे वाचता येत नाही म्हणायची सोय नाही.

पण आम्ही मागावरची माणसं.
खडखडाटात जन्म गेला, ओठ वाचतो एकमेकांचे.
आमच्यात भुवई उचलली की ती चाल.
खोकला म्हणजे हत्ती.
नारायण उपरी नुसती मांडी बदलतो
आणि तवनाप्पा वजीर मागं घेतो.
विरुपाक्ष मग पट सोडून नारायणकडं बघतो,
'सुम्म कुंद्रो माराया. मांडीसकट.'

आणि माझं तर कामच जॉबरचं.
धोटा अडला, तार तुटायला लागली, की हाक येते.
हाक आली तरच पान्याला पैसे.
तीस वर्षं गल्लीतनं जाताना
मला ऐकू येतं कुणाचा माग लंगडतोय.
उंबऱ्याबाहेर थोडा थांबतो, पुढं जातो.
न बोलावता दुसऱ्याच्या मागात हात घातला
तर तार तुटते ती तुटतेच,
वर मालक म्हणतो,
तू यायच्या आधी बरा चालला होता की.

एवढं कळून
पटाशेजारी मात्र माझी जीभ पान्यासारखी खाजते.

त्या सोमवारी विरुपाक्षचा राजा कोपऱ्यात सापडला.
एक चाल होती.
कांडी. तिरकी. तीन घरं.
मला ती अशी दिसली
जशी पांढऱ्या ताण्यात एक काळी तार.
मी पान तोंडात घातलं, वर सुपारी घातली,
छताचे पत्रे मोजले,
भुवया तेवढ्या हातानं धरायच्या राहिल्या.
विरुपाक्षनं राजा सरकवला. मात.

नेमकी तेव्हाच वीज आली.
चोवीस माग सुरू झाले, आणि त्या आवाजातून
त्याचे ओठ मला म्हणाले,
दिसलं होतं न्हवं तुला?
मी वाकलो
आणि एका धडधाकट मागाचा बोल्ट आवळत बसलो.

तीन आठवडे तो बोलला नाही.
सांगितलं असतं तर महिनाभर बोलला नसता,
असा हिशेब मी करून ठेवला होता.

मग एका संध्याकाळी माझ्या दारात.
पट काखेत, कांडी सदऱ्याच्या खिशात.
माझ्याच चटईवर त्यानं तो डाव मांडला,
एकेक प्यादं आठवून, घोडा चुकला तो परत उचलून.
मांडी घातली.
'आता विचारतोय मी. सांग.'

मी बघितलं.
त्याच्या बाजूनं बघितलं, उठून उभ्यानं बघितलं,
चष्मा पुसून बघितलं.
राजा कोपऱ्यात. घोडा दारात.
आणि मधे एक कांडी, रिकामी,
सूत संपलेली, कांडीसारखी कांडी.
काही दिसेना.
घामच आला मला, बोलावलेल्या जॉबरला,
ज्याला बिघाड सापडत नाही
आणि मालक कंदील धरून उभा आहे.

आत रहाटावर
कांड्या भरत बसली होती आमची मंडळी.
रहाट न थांबवता म्हणाली,
तीन आठवडे झोपेत बडबडताय,
कांडी तिरकी, कांडी तिरकी, तीन घरं.
ती कुठली कांडी ते तरी सांगा.

विरुपाक्षनं माझ्याकडं बघितलं. मी दाराकडं.
सुम्म कुंद्रो असं
तिला आम्ही दोघंही म्हणालो नाही.